सुतकातलं रेकॉर्डिंग

मधलीवाडी, जामसंडे
८ जानेवारी २०२४

प्रिय आंतोन,

पत्र बघून हसू नकोस. फोन केला असता, पण तू तिकडून "हॅलो, हॅलो" करत बसला असतास आणि मी इकडे टोपलीतल्या बांगडा मासळीसारखं नुसतं तोंड उघडलं असतं. गेल्या मे महिन्यात कोल्हापूरच्या डॉक्टरांनी माझ्या गळ्यातली आवाजाची पेटी काढली, तेव्हापासून आपलं बोलणं बंद. मोबाइलवर टाइप करायला जावं तर एका बोटाखाली तीन अक्षरं येतात. म्हणून ही शाई. शाळेत तुझ्या वहीतून गणितं उतरवायचो, तेव्हा माझं अक्षर तुला ओळखता येईल.

आता कामाचं. ऑपरेशनच्या आधीच्या डिसेंबरात आपल्या जत्रेत आमच्या कंपनीचा दशावतार होता. तो जिल्ह्याच्या केबल चॅनेलवाल्यांनी शूट केला. मी नेहमीप्रमाणे राजा. छातीला बोटाच्या पेराएवढा माईक लावला होता. आता ते दर रविवारी एकेका कंपनीचा खेळ दाखवतायत आणि आमचा फेब्रुवारीत आहे. एकदाच लागणार, पुन्हा नाही, असं त्यांच्या माणसाने स्पष्ट सांगितलं.

मला तो खेळ घरात धरून ठेवायचाय. माझ्यासाठी नाही रे, माझं थोबाड मी रोज आरशात बघतो. लक्ष्मीसाठी. तिचा काचबिंदू फार वाढलाय. उजेड, अंधार आणि लाल-हिरवे दिवे, एवढंच तिला कळतं. पूर्वी मी घरभर बडबडत फिरायचो, त्यावरून तिला मी कुठे आहे ते समजायचं. आता मी पाटीवर लिहितो, ते तिला दिसत नाही. ती विचारते आणि मला सांगता येत नाही. सिद्धेश नोकरीला गोव्यात; सूनबाई संचिता पाटी वाचून दाखवते म्हणून आमचा संसार चाललाय. ती बाजारात गेली की आम्ही नवरा-बायको एका घरात असून नसल्यासारखे. परवा माजघरात बसून ही हाका मारत होती, "खंय आसात? अहो, खंय आसात?" मी चार हातांवर होतो. जाऊन तिच्या हाताला हात लावला, तर दचकून किंचाळली. एकेचाळीस वर्षांच्या संसारानंतर माझी बायको मला घाबरली, आंतोन. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तिने रोज माझा आवाज ऐकावा, एवढंच मला हवंय. जत्रेत पोरं मोबाइलवर काढतात, पण त्यात माझ्यापेक्षा भजी तळणाऱ्याचाच आवाज मोठा. तू चाळीस वर्षं देवगडात रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त केलेस, जत्रेत माझ्या आवाजाला भोंगाही तूच लावलास. सांग, टीव्हीवरचं घरी साठवायचं यंत्र कोणतं घ्यावं? लक्ष्मीला मी अजून काही सांगितलेलं नाही. आधी हातात येऊ दे.

तुझ्या लेकीला, मर्लिनला आशीर्वाद.

तुझा
दाजी


सावंतवाडी
१३ जानेवारी २०२४

प्रिय दाजी,

मर्लिनने शाळेतून येता येता पत्र आणून हातात दिलं. मला आधी वाटलं, कोणीतरी गेलं. हल्ली आपल्या वयाच्या माणसांना पत्र त्याचंच येतं. तुझा आवाज गेला हे ऐकून मी देवासमोर मेणबत्ती लावली होती, पण कागदावर तू तेवढाच बडबडतोस, तेव्हा मेणबत्ती फुकट गेली म्हणायची.

लक्ष्मीवहिनींचं वाचून मात्र बरं वाटलं नाही. मी मर्लिनला तुझं पत्र वाचून दाखवत होतो, तिथे मध्येच थांबलो.

यंत्राचं म्हणशील तर आता पूर्वीसारखा टेपांचा कारभार नाही. टेपेला आपल्या हवेत बुरशी धरायची, आठवतं ना? पावसाळ्यात मी दुकानात नुसत्या टेपा पुसत बसायचो. आता सेट-टॉप बॉक्सच्या पोटातच रेकॉर्डर येतो. दोन जाती आहेत. एक छत्रीवाल्यांचा, म्हणजे छपरावरच्या डिशचा, त्याच्या आत हार्डडिस्क असते; शेकडो तास मावतात, वेळ लावून ठेवली की आपोआप रेकॉर्ड होतं, चालू कार्यक्रम मध्येच थांबवता येतो. दुसरा साधा, त्याला मागून पेनड्राइव्ह टोचायचा आणि त्यावर साठवायचं. पेनड्राइव्ह म्हणजे अंगठ्याएवढी चीज, पोरं खिशात घालून धुवायला टाकतात. तू डोळे मिटून हार्डडिस्कवाला घे. जन्माचं काम आहे, तिथे हलकं सामान नको. मी दुकान बंद केलं असलं तरी माझा सल्ला अजून बंद पडलेला नाही.

तुझा
आंतोन


जामसंडे
२० जानेवारी २०२४

प्रिय आंतोन,

तुझा सल्ला बंद पडलेला नसेल, पण त्याला गंज चढलाय. छत्रीवर आपलं जिल्ह्याचं चॅनेल येतच नाही! ते फक्त केबलवर. बरं झालं आधी विचारलं, नाहीतर जन्माचं काम जन्मभर माझ्या डोक्यावर छत्री होऊन बसलं असतं. केबलवाला बाबली येऊन त्यांचा पेनड्राइव्हवाला बॉक्स बसवून गेला. म्हणाला, "दाजीनू, कायच कठीण नाय, लाल बटण दाबलात की झाला." त्यांना सगळ्यांनाच कायच कठीण नसतं.

पहिल्या दिवशी मी संचिताची मालिका रेकॉर्ड केली. दुसऱ्या दिवशी लावून बघतो तर तासभर शेअर बाजार! चॅनेलचा आकडा एकाने चुकला होता. संचिता हसून हसून खाली बसली. लक्ष्मी विचारत होती, "काय झाला गो? माका सांगा तरी." तिला संचिताने सांगितलंय की नवी केबल घेतली. आता माझा हात बसलाय. रेकॉर्ड चालू असलं की बॉक्सवर लाल दिवा लुकलुकतो आणि टीव्ही बंद ठेवला तरी काम चालू राहतं. अशी शांतपणे काम करणारी माणसं आमच्या कंपनीत कधी मिळाली नाहीत.

तारीख ठरली. रविवार, ११ फेब्रुवारी, दुपारी साडेबारा ते दीड. माझा मोठा प्रवेश, राजा वनात जाताना राणीचा निरोप घेतो तो, साधारण चाळीस मिनिटांनी येईल. लक्ष्मीला त्या रात्री ताप होता म्हणून ती जत्रेला आली नव्हती. माझा तोच शेवटचा खेळ ठरला आणि तिने तो ऐकला नाही. आता ऐकवीन. रिमोट तिच्या हातात देईन, अंगठा बटणावर ठेवीन आणि गंमत बघत बसेन.

तुझा
दाजी


सावंतवाडी
२५ जानेवारी २०२४

प्रिय दाजी,

छत्रीवरून मर्लिनने मला इतकं छळलं की तू आणखी छळू नकोस. घोडा म्हातारा झाला की वाट चुकतो.

आता कान देऊन ऐक, हे मात्र मला पक्कं ठाऊक आहे. पेनड्राइव्हवर रेकॉर्ड होत असताना बॉक्सची वीज जाता कामा नये. कार्यक्रम संपल्यावर यंत्र ती फाइल बंद करतं, म्हणजे पोत्याचं तोंड शिवतं म्हण. मध्येच वीज गेली तर पोतं उघडं राहतं आणि आतलं भात असून नसल्यासारखं. कोणालाच ते काढता येत नाही. तेव्हा बॉक्स इन्व्हर्टरवर लाव. पेनड्राइव्ह नवा घे. आणि त्या दिवशी त्या प्लगजवळ कोणाला फिरकू देऊ नकोस.

वहिनींना सांगू नकोस हे मला आवडलं. त्यांचा चेहरा कसा होतो ते मला कळव. नीट लिही, दोन ओळींत उरकू नकोस.

तुझा
आंतोन


जामसंडे
४ फेब्रुवारी २०२४

प्रिय आंतोन,

घात झाला. काल सकाळी आमच्या भावकीतल्या सुगंधाकाकी गेल्या. नव्वदी उलटली होती, सोन्यासारखं मरण आलं, त्याबद्दल रडण्यासारखं नाही. पण आमची वाडी तुला माहीत आहे. सगळी घरं एका आडनावाची, एकाला सुतक लागलं की सगळ्यांना लागतं. म्हणजे अकरा तारीख बरोबर सुतकात! वाडीतले सगळे टीव्ही कालपासून बंद. काही घरांत तर वर फडका टाकलाय.

एरवी मी म्हटलं असतं, अकरा तारखेपर्यंत म्हातारीला जाऊन आठ दिवस होतील, चालतं. पण लक्ष्मी या बाबतीत भारी कडक. ऑपरेशननंतर तर जास्तच. तिच्या डोक्यात बसलंय की मागच्या वर्षी एका सुतकात मी मुखवट्यांच्या पेटीला हात लावला आणि म्हणून माझा गळा गेला. तिला समजावायचं तर कोणत्या तोंडाने? पाटीवर लिहून संचिताकडून वदवलं, तर सासू-सुनेची जुंपेल आणि सुनेला वर्षभर ऐकावं लागेल.

टीव्ही बंदच राहील. आवाज नाही, चित्र नाही. बॉक्स एकटाच आपलं काम करील आणि सुतक फिटल्यावर आपण ऐकू. यात विटाळ कुठे आला? तू आमच्यातला नाहीस म्हणून तुला विचारतो. मला आमच्यातल्या कोणाला विचारायची भीती वाटते. लगेच उत्तर टाक.

तुझा
दाजी


सावंतवाडी
६ फेब्रुवारी २०२४

प्रिय दाजी,

पत्र आज सकाळी मिळालं, दुपारच्या टपालात हे टाकतोय. सुगंधाकाकींना देव शांती देवो. लहानपणी आपण त्यांचे काजू चोरायचो आणि त्या तुलाच धरायच्या.

तुझ्या देवाचं मला काय कळणार, पण यंत्राला सुतक नसतं एवढं मी खात्रीने सांगतो. टीव्ही लावत नाहीस, खेळ बघत नाहीस, मग पाप कसलं? नंतरसाठी ठेवणं म्हणजे लोणचं घालणं. बिनधास्त कर.

आणि वहिनींना काही सांगू नकोस. त्यांना दिसत नाही, तुला बोलता येत नाही; याहून चांगलं गुपित कोणाच्या घरात राहणार? (ही थट्टा आहे. मर्लिन म्हणते, असलं लिहू नका. पण तू आणि मी एकमेकांना याहून वाईट बोललोय.)

रविवारी बारापासून बॉक्ससमोर बसून राहा. चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर मी घड्याळ बघत बसेन.

तुझा
आंतोन


जामसंडे
१२ फेब्रुवारी २०२४

आंतोन,

सगळं संपलं. कसं झालं ते लिहितो, कारण ते मी दुसऱ्या कोणाला सांगू शकत नाही.

काल साडेबाराला लाल दिवा लुकलुकायला लागला. टीव्ही बंद. संचिता काकींच्या घरी दिवसांच्या कामाला गेली होती. लक्ष्मी माजघरात पडली होती. मी बॉक्ससमोर पाटावर, राखण करत. खोटं कशाला सांगू, फार सुखात होतो. आत माझा आवाज भरत होता आणि मी मोजत होतो.

एक वाजून गेला असेल. पुढच्या बागेत फवारणीचा पंप धडधडत होता. तिथले गडी खळ्यात, अंगणात येऊन पाणी मागायला लागले. सुतकाचं असलं तरी उन्हातल्या माणसाला पाणी नाही कसं म्हणणार? कळशी घेऊन बाहेर गेलो. दोन मिनिटांचं काम. पुढचं दार उघडं राहिलं की आमच्याकडे माकडं घुसतात, म्हणून लक्ष्मीला आतून कडी घालायची सवय. उजेड वाढलेला तिला कळला असेल. ती उठली, चाचपत आली आणि कडी घातली. मी घरात आहे की बाहेर हे तिला कसं कळणार?

गडी गेले. मी वळलो आणि खिडकीतून आत बघितलं तर ती बॉक्सकडे चाललेली. लाल दिव्याकडे. हात पुढे करून. आंतोन, मी ओरडलो. सगळा जीव लावून ओरडलो. गळ्याच्या भोकातून नुसता वारा आला. चार हजार माणसांच्या जत्रेत शेवटच्या पोराला ऐकू जाईल असा माझा आवाज होता, आणि मला माझ्या बायकोला "नको" एवढं म्हणता आलं नाही. तिने भिंतीवर हात फिरवला, वायर धरली आणि पिन उपटली. दिवा गेला.

मी काठीने खिडकीचे गज बडवायला सुरुवात केली. ती जागची हलली नाही. पिन हातात धरून, तोंड मागच्या दाराकडे करून तशीच उभी. घाबरली असावी. मागचं दार सकाळपासून बंदच, म्हणून पुढचं दार बडवलं, पुन्हा खिडकी बडवली. ती ओरडली, "कोण मेलो ठोकता? गप ऱ्हव!" मी कसा गप्प राहणार? दिवा लागल्याशिवाय गप्प कसा राहणार? किती वेळाने तिने कडी काढली कोण जाणे. मी तिच्या हातातली पिन ओढून घेतली, लावली. बॉक्स जागा व्हायला वेळ घेतो, तेवढं थांबवेना. टीव्ही लावला, सुतक गेलं खड्ड्यात. चित्र आलं तेव्हा राक्षस नाचत होते आणि खाली नावं सरकत होती. त्यात माझंही नाव होतं.

लक्ष्मीच्या डोळ्यांत पाणी होतं. विचारलं नाही. विचारणार कसा? तिने काय केलं हे तिला कळू द्यायचं नाही, संचितालाही तशी ताकीद दिलीय. पिन काढली नसती तर, हे तिच्या मनात एकदा बसलं की ती मरेपर्यंत निघणार नाही.

पेनड्राइव्ह या पाकिटात आहे. स्पीड पोस्टने पाठवतोय. चाळीस मिनिटं त्यात आहेत. पोतं उघडं राहिलंय हे मला कळतं, पण तू आंतोन आहेस. तू जळलेले रेडिओ बोलते केलेस. काही कर.

दाजी


सावंतवाडी
२२ फेब्रुवारी २०२४

प्रिय दाजी,

आठ दिवस तुला काही लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. अजूनही नाही.

पेनड्राइव्ह मर्लिनच्या लॅपटॉपला लावला. फाइल दिसते. तिचं वजन दिसतं, म्हणजे तू आत आहेस. पण ती उघडत नाही. बाजारातल्या कॉम्प्युटरवाल्या मुलीकडे, रसिकाकडे, नेला. तिने चार दिवस खटपट केली. म्हणाली, काका, दोन कुलपं आहेत. फाइल अर्धी राहिलीय हे एक, आणि बॉक्सने स्वतःचं कुलूप घातलंय हे दुसरं. त्या बॉक्सशिवाय ती कोणाला वाचता येत नाही आणि बॉक्स अर्धी फाइल ओळखत नाही. पणजीला एकाकडे पाठवली, तिथूनही तशीच परत आली. रेडिओ जळला तर कुठे जळला ते मला वासाने कळायचं. याला वासच नाही.

चॅनेलवाल्यांकडे मी स्वतः गेलो, एसटीने. त्यांचा माणूस वाईट नव्हता, चहा दिला. म्हणाला, जागा कमी पडते, दाखवून झालं की पुसून पुढच्या जत्रेचं शूटिंग त्याच डिस्कवर घेतो. तुझ्या खेळावर आता दुसऱ्या गावचा खेळ आहे. 

दाजी, एक गोष्ट मला झोपू देत नाही. तुझ्या घरामागे, वाडीच्या कुंपणापलीकडे, माझ्या भाच्याचं, रोनीचं घर आहे. त्याला सुतक नाही, त्याची केबल चालू होती. तुझा बॉक्स तिथे नेऊन ठेवायला सांगितलं असतं तर? बॉक्सही नको, रोनीने टीव्हीसमोर नुसता मोबाइल धरला असता तरी काम झालं असतं. चाळीस वर्षं यंत्रं उघडली त्या माणसाला हे सुचलं नाही. वर तुला गुपित ठेवायला सांगितलं, थट्टा केली. वहिनींना आधी सांगितलं असतं तर त्या चिडल्या असत्या, पण पिन काढली नसती. दोष माझा आहे. मला माफ कर.

आमचा उपवासाचा काळ सुरू झालाय. या वर्षी मी वेगळा उपवास काय करू?

तुझा
आंतोन


जामसंडे
२७ फेब्रुवारी २०२४

प्रिय आंतोन,

माफी कसली मागतोस? तू सांगितलंस आणि मी ऐकलं, एवढा मी लहान आहे का? पेनड्राइव्ह तुझ्याकडेच ठेव. इथे आणलास तर मी रोज त्याच्याकडे बघत बसेन.

बॉक्स काढून टाकायला बाबलीला सांगितलंय. संचिता म्हणते, राहू दे, माझ्या मालिका होतात. मग राहू दे.

लक्ष्मी बरी आहे. फक्त हल्ली दुपारी मागच्या दारात जाऊन बसते, तास-दीड तास. तिकडून वारा बरा येतो. मी जवळ जाऊन बसलो तर तिला कळत नाही, आणि हात लावला तर दचकते, म्हणून मी लांबच बसतो.

तुझा
दाजी


जामसंडे
११ मार्च २०२४

आंतोनभावजी,

लक्ष्मीचो नमस्कार. मी सांगतंय आणि संचिता लिवता. हे भायर खळ्यात आसत, तेवढ्यात सांगान घेतंय. तेंका ह्यातला काय एक कळूक नको.

सुतकातल्या आयतवाराची गोष्ट. दुपारची मी एकटी होतंय. दाराक कडी घातलंय आणि मागे फिरलंय, तर ह्येंचो आवाज इलो. देवाशपथ सांगतंय, ह्येंचोच. एकेचाळीस वर्सां आयकलेलो आवाज माका कळाचो नाय? पयला वाटला, आमचोच टीव्ही कोणी लावलो. थंय लाल दिवो पण दिसलो. सुतक चालू, भावकेक आयकाक गेला तर काय म्हणतीत, म्हणान चाचपत गेलंय आणि पिन काढलंय. पण आवाज थांबाक नाय! तो मागच्या दारातसून येय होतो, रोनीच्या घराकडसून.

मी पिन हातात धरून तशीच उभी ऱ्हवलंय. राजा राणीचो निरोप घेय होतो. म्हणालो, "राणी, मी परत येईन की नाही ते मला ठाऊक नाही. पण जाण्याआधी तुला एकच सांगून जातो." आणि तेवढ्यात पुढच्या जनेलाच्या गजांर कोण मेलो काठयेन ठोकूक लागलो. धाड, धाड, धाड! मी आराडलंय, गप ऱ्हव म्हणान. तो गप ऱ्हवना. मगे दार बडवूक लागलो. तो थांबासर राजाचा बोलणा संपान गेला. मगे हे भायरसून इले, तेंका मी काय सांगूक नाय. फवारणीचे गडी असतीत ते. पण भावजी, त्या ठोकणाऱ्याक मी अजून रोज शिव्या घालतंय.

रोनीची बायल म्हणाली, तो टीव्हीर लागलेलो खेळ, परत लावूचे नाय. तरी मी दुपारची मागच्या दारात जावन बसतंय. तुमका यंत्रातला कळता. माका आख्खो खेळ नको. राजान राणयेक काय सांगितल्यान, तेवढाच खंयसून मेळता काय बघा. ह्येंका सांगा नकात. आपलो आवाज मी आयकलंय म्हणान कळला, तर तेंका गेलेल्या आवाजाचा परत वायट वाटात.

तुमची वहिनी
लक्ष्मी


आंतोनकाका,

आईंनी सांगितलं तसंच्या तसं वर लिहिलंय. पण बाबा खळ्यात नव्हते. आईंनी सुरुवात केली तेव्हाच ते आत येऊन चौकटीशी उभे राहिले होते. मी सांगायला हवं होतं, पण बाबांनी हाताने मला गप्प केलं आणि मग सगळं ऐकलं. दार बडवल्याचं आलं तेव्हा ते खाली बसले.

आईंचं सांगून झाल्यावर त्यांनी पाटी घेतली आणि लिहिलं, "ठोकणारा मी होतो. वाच." मी मान हलवली, तर पाटी माझ्या हातात कोंबली. मी वाचलं.  आईंनी हात पुढे केला आणि बाबांनी तो धरला. या खेपेला त्या दचकल्या नाहीत. म्हणाल्या, "मगे आता तरी सांगा. तां एकच काय होता?"

बाबा पाटी मांडीवर घेऊन बसले. लिहायचे, पुसायचे, पुन्हा लिहायचे. मला वाटलं, आठवून आठवून लिहितायत. आईही तोंड पाटीच्या दिशेने करून थांबल्या होत्या. शेवटी त्यांनी पाटी माझ्याकडे दिली. तिच्यावर एवढंच होतं: "आठवत नाही गो. आमच्या खेळात बोलणं लिहिलेलं कुठे असतं? उभा राहिलो आणि त्या वेळी सुचलं ते बोललो. आता रचून काही लिहीन, पण ते ते नव्हे."

काका, मला ते वाचून दाखवावं लागलं.

तुमची
संचिता